कीप म्हणजे ठेवणे

"कीप म्हणजे ठेवणे," मुसळ उचलता उचलता भागीरथी पुटपुटली. मुसळ उखळात पडलं. "कीप म्हणजे राखणे."

"आपल्या कोंबड्या आता इंग्रजीत आरवतील बग," ओटीवरून तिचा सासरा देवजी म्हणाला. "आज परीक्षा ना गो तुझी? पास झालीस तं ममईला जाशील. मंग या म्हाताऱ्याला भाकर कोन देल?"

भागीरथी पदराआड हसली. सदतीस सालचा पौष होता. म्हसे गावच्या जत्रेच्या निमित्तानं तिचा नवरा सावळाराम गावी यायचा होता. तो मुंबईत एका कचेरीत कारकून होता. तीन वर्षांपूर्वी, अंगावरची हळद पुरती उतरली नव्हती तेव्हा, तिनं भीत भीत विचारलं होतं, "मला कधी नेणार?" तो म्हणाला होता, "तिथं चारचौघांत तुझ्यासारखी अडाणी कशी चालेल? इंग्रजी शिक, मग न्यायला येतो."

तिनं ते मनावर घेतलं. आटगावच्या स्टेशनमास्तरांकडे ती दुधाचा रतीब घालायची. त्यांची बायको शिकलेली. भागीरथी रोज नवटाकभर दूध वर घाली आणि बाई तिला मागच्या पायरीवर बसवून धडा देत. अक्षरं आली, शब्द आले. मग एके दिवशी बाईंनी कीप शिकवला. "शब्द एवढासा आहे गं, पण पोट केवढं बघ!" शिंक्यावर दही ठेवणं, माळ्यावर बसून शेत राखणं, शेळी पाळणं, दिलेला शब्द पाळणं, माणसाला ताटकळत ठेवणं, तेच ते काम करीत राहणं, सगळं त्या पोटात मावत होतं.

"येवढं सगळं येकाच शब्दात?" भागीरथी म्हणाली होती. "मंग समोरच्याला कळतं कसं, बाई?"

"मागचंपुढचं बघायचं. त्यावरून कळतं."

घोकताना ती 'शब्द पाळणे' मुद्दाम शेवटी म्हणायची. पोरं गुळाचा खडा शेवटच्या घासाला राखून ठेवतात, तसं.

उन्हं कलली तेव्हा गाडी अंगणात थांबली. सावळाराम उतरला. मग वळून त्यानं हात दिला आणि त्याच्यामागून एक बाई उतरली. नवं लुगडं, पायात वहाणा, दोन्ही हातांत हिरवा चुडा. कुणी काही विचारायचं उरलं नाही.

"भागे," सासू गीताबाई दाराशी येत म्हणाली. "भाकरतुकडा आन गो. दोगांवरून ओवाळ."

भागीरथीनं ओवाळलं. तुकडा लांब फेकला. कोंबड्या त्याच्यामागे धावल्या.

जेवणं झाल्यावर सावळाराम ओटीवर पान लावत बसला. ती दाराआड उभी राहिली.

"अवो, मला येतं आता. म्हनून दावू?"

"काय?"

"इंग्रजी."

तो सुपारी कातरत राहिला. "आता काय उपयोग त्याचा?"

उशीर झाला, एवढंच तिच्या मनात आलं. पावसाळ्यात ओढा चढला की आटगावची वाट बंद व्हायची. बाई माहेरी गेल्या की पाटी कोरडी पडायची. मधे हिवतापानं तिला अंथरुणाला खिळवलं होतं. तेवढे दिवस वाया गेले नसते तर! दोष आपलाच. ही नवी सवत, सुंदरा, मुंबईची, वहाणा घालणारी. हिला तर सगळं पुस्तक येत असेल. आपण एका शब्दाशी घोटाळत बसलो आणि माणूस हातचं गेलं.

जत्रा उलगली. सावळाराम निघाला, तो एकटाच. "खोली लहान आहे," बापाकडे न बघता तो म्हणाला. देवजी ओटीवरून उठला नाही. बैलांच्या घुंगरांचा आवाज वळणाआड गेला तरी सुंदरा अंगणात उभीच होती.

भागीरथीनं उखळात भात ओतलं. थोड्या वेळानं सुंदरा आली. वहाणा कुडाशी काढून तिनं दुसरं मुसळ उचललं. एकीचं पडे, दुसरीचं उठे.

"आक्का," खाली बघतच सुंदरा म्हणाली, "तुमी ठेसनावर जाऊन शिकलात म्हनं. मलापन शिकवाल? मी गिरनीकामगाराची पोर. मला पाटी कशी धरत्यात तेबी म्हाईत नाय."

भागीरथीचं मुसळ वरच्यावर थांबलं.

"तुला कशाला गो?"

सुंदरानं मान वर केली. डोळे भरलेले होते, पण चेहऱ्यावर केवढी आशा होती.

"जाताना ते बोलले ना, 'इंग्रजी शिक, मग न्यायला येतो.'"