चौथा बीम

भार पेलतो का ते तपासायला खाडीकाठच्या शाळेच्या छतावर वाळूची पोती रचून झाली, तशी इंजिनिअर अहमदने व्हरांड्यातल्या चौथ्या बीमखाली दोरी ताणली. बाकीचे तीन बीम जागचे हलले नव्हते. हा मधोमध दोन बोटं खाली आला होता.

“फोडा,” तुळसा म्हणाली. “मला सळया मोजायच्यात.”

पायरीवर बसलेले आप्पा हसले. “मोजतेस काय गो? सळया खाल्ल्यान तुझ्या बापसान. सगळ्या गावाला म्हायती हाय.”

गावाला माहीत होतं, म्हणून तिलाही. शाळा बांधणारा तिचा बाप, भागोजी मिस्त्री, दर वर्षी पावसाआधी येऊन हाच बीम मुकाट्याने लिंपायचा. चोर नसता तर लिंपला असता कशाला? विचारलं की एवढंच म्हणायचा, “काम माझं, चूक माझी.” सहा वर्षं ती बापाशी बोलली नव्हती. तीन महिन्यांपूर्वी तो गेला.

पोती उतरवून बीमला टेकू दिले आणि हातोडा पडू लागला. तिला एकोणसत्तरचा शिमगा आठवला. गडी पालखीला गेलेले. राहिलेला हा बीम बापलेकींनीच भरला. तुळसा दहा वर्षांची. विहीर टेकडीपलीकडे, तरी ती कळशी घेऊन इतक्या झटपट यायची की भागोजी म्हणाला, “माझी पोर वारा हाय, वारा!” संध्याकाळी त्याने तिच्या पायांवरचा काळा चिखल काथ्याने घासून काढला. बराच वेळ घासत राहिला.

काँक्रीटचा ढलपा खाली पडला. अहमदने वाकून मोजलं.

“नकाशात तीन सळया आहेत, ताई. इथे चार.”

आप्पा पायरीवरून उठले. तुळसाने पदर तोंडाला लावला.

“मग वाकला कशान?” आप्पांनी विचारलं.

अहमदने सळई नखाने खरवडली. पापुद्रे सुटले, आत ती काडीएवढी उरली होती. “गंज फुगला, काँक्रीट तडकलं, सळईची पकड सुटली. तपासणीत मीठ निघालंय, ह्या एकाच बीममध्ये.” तो तुळसाकडे वळला. “हा भरला तेव्हा पाणी कुणी आणलं होतं, ताई?”

तुळसा आपल्या पायांकडे पाहत राहिली. विहिरीची वाट सगळी तांबड्या जांभ्याची. काळा चिखल फक्त खाडीला.