आखितीचं वादळ

पहिला घुंगरू वाजला तेव्हा सगळ्यांनी स्पीकरकडं पाहिलं. कुशाबाईनं तेवढं आभाळाकडं पाहिलं.

निरवांगीच्या मारुतीसमोर मंडप टाकला होता. उन्हं कलायला लागलेली. पुण्याहून आलेली स्वरदा नावाची मुलगी सतरंजीवरच्या बायाबाप्यांना सूर्याची गोष्ट सांगत होती. सूर्य नुसता तापत नाही, कधीकधी खवळतो. त्याच्या अंगावरून लोट सुटतो आणि दोन-तीन दिवसांनी पृथ्वीवर येऊन आदळतो. वारा लागत नाही, उसाचं पातं हलत नाही. पण पृथ्वीच्या पोटात जे लोहचुंबक आहे, त्याच्यावर चालणारा होकायंत्राचा काटा थरथरतो.

"ती थरथर मोजून ठेवतात. पण नुसते आकडे कोण ऐकणार? म्हणून मी आकड्यांना घुंगरू बांधलेत. काटा जितका हलेल, तितके वाजतील."

"आगं बया, म्हंजी सूर्यनारायन चाळ बांधून उभा राह्यला म्हनायचा!" शेजारची साखरबाई म्हणाली, आणि मंडप हसला.

आधी एक शांत दिवस वाजला. एखादा घुंगरू, मग बराच वेळ काहीच नाही. गोठ्यातल्या गाईनं झोपेत मान हलवावी तसा.

"आता वादळ ऐका," स्वरदा म्हणाली. "दोन वर्षांमागची आखिती, अक्षय्य तृतीया, आठवते? त्या रात्री आलं, आणि दुसऱ्या दिवशीही दिवसभर राहिलं."

आणि घुंगरू उठले. एक नाही, दोन नाही, अख्खा थवा उठला.

तो आवाज कुशाबाईच्या ओळखीचा होता. तिच्या दीपकची कबुतरं अशीच उठायची. एकेकाच्या पायात त्यानं आपल्या हातानं घुंगरू बांधलेले. मोटरसायकलला वेताची पाटी बांधून तो त्यांना थेट सुप्याला नेऊन सोडायचा, आणि तो घरी पोचायच्या आत ती स्लॅबवरच्या ढाबळीत येऊन बसलेली असायची. एका हिवाळ्यात त्याच रस्त्यावर तो अपघातात गेला. पहिल्या आखितीला घरानं त्याच्या नावानं करा भरला, पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जेराव तीच पाटी घेऊन सुप्याला गेले. लेकाची रीत बापानं चालवली. पाखरं सोडली.

एकही माघारी आलं नाही.

दोन दिवस कुशाबाई स्लॅबवरून उतरली नव्हती. तिसऱ्या दिवशी सर्जेराव तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "त्याच्याकडंच गेली ती. आदल्या दिशी पानी पोचलं, दुसऱ्या दिशी पाखरं पोचली." त्या रात्री तिला झोप लागली. सकाळी ज्वारी निवडता निवडता तिच्या तोंडी आपसूक ओवी आली:

पायी घुंगुर वाजती, पाखरं गेली वर,
माझ्या दीपक बाळाला सोबत जन्मभर.

त्या ओवीवर तिनं दोन वर्षं काढली होती.

ती उठून उभी राहिली. "पोरी, ह्या असल्या वादळात पाखरांचं काय हुतं?"

स्वरदाचा चेहरा उजळला. गावोगाव फिरून असा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारला होता. "किती छान विचारलंत, मावशी! कबुतरांना घरची वाट या लोहचुंबकावरून कळते, असं पुष्कळ जण मानतात. मग काटाच भरकटला की तीही भरकटत असतील. अगदी नक्की नाही सांगता येत. पण पाळणारे म्हणतात, अशा दिवशी लांबून सोडलेली कबुतरं वाट चुकतात."

"चुकत्यात, म्हंजी मरत्यात?"

"छे, छे! घर शोधत राहतात. कुठंतरी दुसरीकडं उतरतात."

मुलगी धीर द्यायला म्हणून बोलली. खांबापाशी बसलेले सर्जेराव उठले. "चला, म्हशीची येळ झाली."

कुशाबाई हलली नाही. "तुमी म्हनला हुता."

सर्जेराव आपल्या पायांकडं बघत राहिले. "म्हनलो हुतो."

"मंग पोरगं तितं एकटंच हाय व्हय?"

स्वरदा एकदा हिच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघत राहिली. साखरबाई उठून तिच्या कानाशी वाकली आणि दोन वाक्यांत सगळं सांगून मोकळी झाली. मुलीचा हात चटकन स्पीकरच्या बटणाकडं गेला.

"बंद नगं करू," कुशाबाई म्हणाली. "त्याचं त्वांड जरा वर कर. आन् मोठ्यानं लाव."

"मावशी, हा तर त्यांना चुकवणाऱ्या वादळाचा..."

"कळलं मला. लाव तू. घुंगराला घुंगुर वळकू येतो."

स्वरदानं स्पीकर दोन्ही हातांनी उचलला आणि आभाळाकडं धरला. आखितीचं वादळ मारुतीच्या कळसावरून, रस्त्यावरून, पलीकडच्या उसावरून पुन्हा एकदा गेलं. कुशाबाई कपाळावर हात आडवा धरून उभी होती. सुप्याच्या बाजूला तोंड करून.

सर्जेराव मंडपात नव्हते. रस्त्यापल्याड, आपल्या घराच्या स्लॅबवर, ते ढाबळीच्या गंजलेल्या कडीवर दगड घालत होते. इथून ठोके ऐकू येत नव्हते, नुसता हात वरखाली होताना दिसत होता. शेवटी कडी निघाली. त्यांनी दार उघडलं, आणि वाऱ्यानं मिटू नये म्हणून हातानं धरून तिथंच उभे राहिले.