पहिल्या पायरीवरचा राक्षस

साल १९८७. भर दुपारी मालकांची लेक पडद्यासमोर मांडी घालून ढिम्म बसली होती. गेममधला तिचा शिपाईही पडद्यावर ढिम्म उभा होता. त्याच्यासमोर भक्षक नावाचा राक्षस.

"मार ना!" मालक म्हणाले. "लाल बटण दाब."

"नाही."

शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एवढीच मालकांची कंपनी. खाली शिलाई मशीन सुरू झालं की वर टेबलावरचे कप थरथरायचे. याआधीचे दोन्ही गेम सपशेल आपटले होते. हाही आपटला तर खोल्यांना कुलूप लागणार, हे मालकांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कॅसेटी बनवणाऱ्या कारखान्याचा माणूस संध्याकाळी येणार होता. एकदा कॅसेटी तयार होऊन निघाल्या की त्यात काडीचाही बदल करता येत नसे. त्या काळी ते असंच होतं. चुकलं ते चुकलं.

म्हणून तर त्यांनी लेकीला खेळायला बसवलं होतं. घरात तिला सगळे 'तोडफोड खातं' म्हणायचे. कुठल्याही गेममधले राक्षस ती जेवायला हाक येईपर्यंत संपवायची. तिनं भक्षकाला लोळवलं, गेमची पहिली पायरी ओलांडली, की मालकांचा जीव भांड्यात पडणार होता.

"अगं, तो तुला खायला आलाय!"

"खातोय कुठे? बघा ना बाबा." लेकीनं शिपायाला एक पाऊल पुढे नेलं. पडद्यावरचा गोल जीव जागीच थबकला. अंगाचं मुटकुळं करून त्यानं डोळे मिटले. "बघितलंत? आता मार बसणार, हे कळतंय मुटकूला."

"मुटकू?" मालकांनी कपाळावर हात मारला. "त्याचं नाव भक्षक आहे!"

ते गर्रकन वळले. कोपऱ्यात कंपनीची तरुण चित्रकार चौकटींच्या कागदावर वाकून बसली होती. कागदावरचा एकेक चौकोन ती रंगवायची, तोच पडद्यावर एकेक ठिपका होऊन उमटायचा. नोकरीला लागून तिला फार दिवस झाले नव्हते.

"हा अंगावर झेप घेणार होता ना? त्याचं काय झालं?"

उत्तर प्रोग्रॅमरनं दिलं. "झेपेला जागा कुठाय, साहेब? मी तिला दोनच चित्रं दिली होती. एक चालण्याचं, एक हल्ल्याचं. तीही एवढीएवढीशी." या गृहस्थाकडून कॅसेटीतली जास्तीची जागा मिळवणं म्हणजे वाळू रगडून तेल काढणं. "तिसरं चित्र मागू नका. बसणार नाही."

"मग ते हल्ल्याचं चित्रच बदला. सुळे काढा, शिंगं काढा. मुलांनी घाबरायला हवं की नको?"

चित्रकार कानापर्यंत लाल झाली. तिनं मुकाट्यानं खोडरबर उचललं.

"ताई, नको!" लेक उठून पडद्यासमोर आडवी उभी राहिली. "बाबा, राक्षस सगळ्याच गेममध्ये असतात. मारले की संपले, मग मी तो गेम परत लावत पण नाही. याला मला घरी न्यायचंय."

मालकांना आठवलं. आधीच्या दोन्ही गेमच्या कॅसेटी घरी कपाटावर धूळ खात होत्या. लेकीनं त्यांना दुसऱ्यांदा हातसुद्धा लावला नव्हता.

प्रोग्रॅमर डोकं खाजवत म्हणाला, "चालण्याचं चित्र आहेच. मारलं नाही, थोडं थांबलं, की तो शिपायाच्या मागून चालत येईल. शेवटच्या पायरीपर्यंत. एवढं बसवता येईल."

कवडीचुंबकानं आपणहून पंगतीला बोलवावं, तसे मालक त्याच्याकडे बघत राहिले.

"आणि लाल बटण?"

"ते राहू दे. काढायला वेळ नाही."

जिन्यात बूट वाजले. कारखान्याचा माणूस ठरल्यापेक्षा लवकरच आला होता. मालकांनी एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा त्या मुटकुळ्याकडे.

"संध्याकाळपर्यंत करा," ते म्हणाले. "बुडायचंच असेल तर हिच्या मनासारखं बुडू." मग चित्रकाराकडे वळून, "आणि बाई, घाबरट राक्षसाची एवढी युक्ती मनात होती तर आधी सांगायचं तरी!"

"हो साहेब," ती खाली मान घालून म्हणाली.

गेम दुकानात गेल्यावर कंपनीत पहिला फोन आला तो एका हुंदके देणाऱ्या मुलाचा. "त्याला सांगा, मी नाही मारलं. माझा धाकटा भाऊ बटणावर बसला." मग फोन थांबेचनात. मुटकू दप्तरावर आला, मोज्यांवर आला, फुग्यांवर आला. जिथल्या लोकांना त्याचं नाव धड उच्चारता येईना, तिथल्या इस्पितळांतही मुलं त्याला कुशीत घेऊन सुई टोचून घेऊ लागली. भक्षक हे नाव मात्र कुणाच्या गावीही राहिलं नाही.

प्रोग्रॅमरनं निवृत्तीनंतर हौसेनं घर बांधलं. खोल्या दोनच. जागा वाया कशाला घालवायची, म्हणतो. लेक मोठी होऊन पूल बांधू लागली. तोडफोड खात्याची बदली बांधकाम खात्यात झाली, असं मालक सगळ्यांना सांगत. चित्रकार जगभर बोलावणी घेत फिरली. घाबरणारा राक्षस सुचला कसा, असं जो तो विचारी. ती नुसती हसायची.

मालक थकले तेव्हा ती त्यांना भेटायला गेली. तिचेही केस आता पांढरे झाले होते. खिडकीत, चादरीवर, नातवंडाच्या चपलांवर, जिकडेतिकडे मुटकू डोळे मिटून बसला होता.

"आता तरी सांग," मालक म्हणाले. "कसं सुचलं गं?"

तिनं दार लोटून घेतलं.

"साहेब, तो डोळे मिटत नव्हता हो. डोळे बारीक करून, दबा धरून बसला होता, शिपायाच्या नरडीचा घोट घ्यायला. पण तेवढ्याशा ठिपक्यांत राग मावलाच नाही."