चार परस विहीर

मोटर फिरत होती आणि नळ कोरडा होता. तम्मण्णानं नळाला कान लावला. आतून नुसती हवा फुसफुसत होती.

"बंद कर रं," तो म्हणाला. रवळूनं बटण दाबलं.

आठवड्यात हे तिसऱ्यांदा चाललं होतं. रवळू येळ्ळूरमधला मोटर बसवणारा. पहिल्या दिवशी त्यानं पाइपचे सगळे सांधे उघडून पुन्हा आवळले. दुसऱ्या खेपेला पाइपच्या तळाचा व्हॉल नवा घातला. आज मोटरीच्या तोंडातून कळशीमागून कळशी ओतून पाइप गच्च भरून घेतला. पाणी घरात यावं म्हणून मोटर आणली होती आणि आता मोटरीला पाजायलाच पाणी शेंदावं लागत होतं. ते शेंदत होती तम्मण्णाची बायको बायाक्का. डाव्या हातानं. उजवा खांदा कामातून गेला होता. यापुढं दोर धरायचा नाही, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं. पाडव्याच्या आत तुझ्या चुलीजवळ नळ सुरू करतो, असं तम्मण्णानं तिला सांगितलं होतं. पाडवा परवावर आला होता.

तम्मण्णाचं डोकं फिरलं. करंटच कमी येतोय, म्हणाला. मग रवळूच्या हाताला गुण नाही, म्हणाला. शेवटी शहापूरच्या दुकानदारावर घसरला. त्या रविराजनं जुनी मोटर रंग मारून गळ्यात बांधली, असं त्यानं शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

रविराजनं तर उलट त्याला दुकानात अर्धा तास अडवलं होतं. काठावर बसवायची मोटर पंचवीस फुटांच्या खालचं पाणी ओढत नाही, विहीर त्याहून खोल असेल तर पाण्यात सोडायची मोटर घ्या, आधी दगड बांधून सुतळी सोडा आणि मोजून या, असं त्यानं दोनदा सांगितलं. तेव्हाही तम्मण्णा भडकला होता. विहीर चार परस. परस म्हणजे माणूसभर, साडेपाच फूट. चार परसाचे बावीस. मोजायचं काय त्यात?

"मी खणलीया ती," तो रविराजला म्हणाला होता. "माझ्याच विहिरीची खोली मला इचारतोस व्हय?"

ते खोटं नव्हतं. अठराव्या वर्षी त्यानं आणि त्याच्या बापानं एका उन्हाळ्यात ती खणली होती. सोयरे आले की तो त्यांना चहाच्या आधी विहीर दाखवायचा. चैत्रात आळीतल्या सगळ्या विहिरी तळाला जातात, माझी जात नाही, हे ऐकल्याशिवाय कुणाला चहा मिळत नसे. पण पहिलं पाणी लागल्यानंतर तो कधी खाली उतरला नव्हता. गाळ काढायला माणसं यायची आणि तो काठावरून हुकूम सोडायचा. शेंदणं तर बायकांचं काम. मोटर आणायच्या दिवशी सकाळी बायाक्का म्हणाली होती, दोर लई लागतोय बघा. मोटरीतलं तुला काय कळतंय, असं म्हणून तो एसटीला गेला होता.

आता रवळूनं पिशवीतून नवी सुतळी काढली, दगड बांधला आणि विहिरीत सोडली. तळ लागल्यावर काठाजवळ गाठ मारली, वर ओढली, अंगणात सरळ पसरली आणि टेप लावली.

"तेहतीस, आप्पा."

तम्मण्णानं पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेहतीस. सहा परस. टेप कुठली, असं त्यानं विचारलं. दगड वाकडा गेला असेल, म्हणाला. सुतळी ताणली असेल, म्हणाला. विहीर काय आपोआप खाली जाते का, म्हणाला.

बायाक्कानं कळशी खाली ठेवली.

"खालचं दोन परस मी काढल्यात," ती म्हणाली.

तम्मण्णा तिच्याकडं वळला.

"तुमी इचलकरंजीला मागावर हुता ती दोन वर्सं. पाऊस न्हवता. हीर आटली. तुमची आई वरनं मातीची बुट्टी ओढायची, मी खाली पहार मारायची. मुरूम संपला, मग दगड लागला, मग पाणी."

"आन् मला कुणी सांगितलं न्हाय?"

"तुमी आला ते सरळ काठावर जाऊन हुबारला. आळीतल्या समद्यास्नी सांगाय लागला, बघा, माझ्या हिरीला पाणी हाय म्हणून." ती पदरानं हात पुसत होती. "आई म्हणाली, ऱ्हाऊ दे."

रवळूनं मान खाली घातली. उद्या सकाळी ही मोटर परत नेतो, पाण्यातली घेऊन येतो, पाडव्याच्या आत बसवतो, असं तो मोटरीकडं बघतच म्हणाला. मग तो सुतळी गुंडाळायला वाकला. तम्मण्णानं त्याला हातानंच थांबवलं.

तो गाठीपाशी जाऊन बसला. दोन्ही हात पसरून परसानं सुतळी मोजत अंगणभर सरकू लागला, विहीर खणताना बाप मोजायचा तशी. एक. दोन. तीन. चार.

चौथ्या परसापर्यंत सुतळी हाताला कोरडीच लागली. ओल त्याच्या पुढं होती, खालच्या दोन परसांत.