नकाशात नसलेलं कुंपण

पद्मजा बागेत पोचली तेव्हा निम्मी झुडपं आडवी झाली होती, आणि तोडणाऱ्यांच्या पुढे उभ्या असलेल्या फौजदाराच्या हातात तिचाच नकाशा होता.

हो, तिचाच. सहा वर्षं राबून काढलेला. ती विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि चंडीगडच्या बागा माणसांच्या किती उपयोगी पडतात, हे मोजायची. जूनमध्ये कुठली सावली किती अंशांनी थंड, कुठे किती घरटी, सगळं. झुडूप किती दाट आहे ते कळावं म्हणून नवऱ्याला लाल स्वेटर घालून आत बसवायची आणि स्वतः रस्त्यावरून बघायची. श्यामकांत बिचारा डॉक्टर माणूस, पण दर रविवारी मुकाट्याने बसायचा. तो अजिबात दिसला नाही की हिला कोण आनंद व्हायचा! लगेच नकाशावर हिरवा गोल पडायचा. अहवालात तिने मोठ्या कौतुकाने लिहिलं, की आत बसलेला माणूस बाहेरून मुळीच दिसत नाही अशा एकतीस जागा या बागेत आहेत. बागखात्याला प्रत पाठवली. कुणी वाचेल अशी आशा नव्हती. वाचलं मेल्यांनी, आणि नेमकं तेवढंच वाचलं.

त्याला कारणही होतं. गेल्या सोमवारी सकाळी फिरायला आलेल्या दोन म्हाताऱ्यांना अतिरेक्यांनी अशाच एका झुडपाआडून गोळ्या घातल्या होत्या. अठ्ठ्याऐंशी सालात अशा बातमीचं कुणाला नवलही उरलं नव्हतं.

पद्मजाने खूप विनवलं. घरट्यांत पिल्लं आहेत, दोन महिने थांबा म्हणाली. निदान कमरेपर्यंत छाटा, मी स्वतः उभी राहून छाटून घेते म्हणाली. फौजदार वाईट नव्हता. कित्येक रात्रींची झोप त्याच्या डोळ्यांवर होती. पावसात महिन्याभरात पुन्हा डोक्याइतकं वाढतं, हे तुम्हीच लिहिलंय, असं तो शांतपणे म्हणाला. मग त्याने कागद आणि पेन पुढे केलं.

"लिखके दे दो, मॅडम. इनके पीछे कोई नहीं बैठेगा."

तिने पेन घेतलं. बराच वेळ धरून ठेवलं आणि परत दिलं. तिला रडूसुद्धा येईना, इतकं त्याचं बरोबर होतं.

दुपारपर्यंत एकतीस जागा मोकळ्या झाल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं उघडं पडलं. "कोई रह तो नहीं गया?" फौजदाराने विचारलं.

राहिलं होतं. मागच्या फाटकापाशी करवंदाचं कुंपण होतं. गेल्याच पावसाळ्यात ते दाट झालं, म्हणून नकाशात नव्हतं. बुलबुलांची सात घरटी तिने परवाच मोजली होती. तिकडे कुणाचं लक्षही नव्हतं. नाही म्हटलं असतं तर काम संपलं होतं.

पलीकडे शाळा सुटलेली पोरं रिक्षाची वाट बघत उभी होती. कुंपणाकडे पाठ करून एक मुलगी बुटाची नाडी बांधत होती.

"इधर," पद्मजा म्हणाली आणि पुढे झाली.

करवंदाला काटे फार. कोयता बुंध्यापर्यंत पोचेना, तेव्हा तिने दोन्ही हातांनी फांद्या बाजूला धरल्या.