निळी छपरं

"सर, रंग चुकलाय तुमचा," संस्कृती म्हणाली. "वॉरगेममध्ये आपली बाजू निळी असते, शत्रू लाल. तुम्ही शत्रूच्या छपरांना निळा दिलाय."

सुभेदार समाधान वाळूवरून हात फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"लाल संपला होता. राहू दे."

बीडच्या बाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची अकॅडमी. बाकीच्या अकॅडम्या पोरांना नुसतं पळवतात आणि फी घेतात. सुभेदार वाळूवर लढाई शिकवत. दोन खाटांएवढ्या जागेत वाळूचा उतार, चुन्याची रेघ म्हणजे ओढा, आगपेट्यांची चौदा घरं. पोरांनी बेत मांडायचा. सुभेदार पंच. ते फासे टाकणार आणि कोण मेलं, कोण सुटलं ते सांगणार. फौजेतले मोठे साहेब असंच टेबलावर युद्ध खेळतात. म्हणजे पुढं खरी माणसं कमी मरतात. निदान आपली तरी.

बाकीचे नकाशे दर महिन्याला मोडत. चौदा घरांचा हा एक मात्र प्रत्येक बॅचला. शर्तही तीच. भरदुपार, वारा मावळतीचा, गोळी झाडायची नाही, आणि एक माणूस सुटता कामा नये.

"गोळी न झाडता? असलं युद्ध कुठं असतं सर?"

"असतं."

नऊ वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. एका घराला आग लावून वाऱ्यावर सोडली की दोन-तीन घरं जळत, माणसं ओढ्यात उतरून वाचत. फासे कसेही पडोत, तेच.

संस्कृतीला मात्र ते जमवायचंच होतं. तिचे आजोबा सुंदरराव पंचवीस वर्षं गावचे सरपंच. आता कारभार पोरांकडं, पण घरात शब्द त्यांचाच. त्यांनी नातीसाठी स्थळ हेरून ठेवलं होतं. अधिकारी व्हायच्या मुलाखतीला पोरगी एकटी भोपाळला जाणार, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. तेव्हा सुभेदारच म्हणाले होते, "खेळ बघायला आण त्यांना. पटलं तर पाठवतील."

रविवारी ते येणार होते. पटलं तर भोपाळ, नाही तर साखरपुडा.

शेडच्या खांबाला एका बाईचा फोटो होता. संस्कृती तो रोज बघायची. त्या शनिवारी तिनं विचारलं.

"बहीण. मंजुळा," सुभेदार म्हणाले. "जळाली. मी तवा काश्मीरात होतो. चुलीची ठिणगी अन् वारा, असं पंचनाम्यात लिवलंय."

"नुसता वारा?"

"मग? पंचनाम्याला वारा लई आवडतो. त्याला बेड्या घालाव्या लागत न्हाईत."

रविवारी सुंदरराव आले. पांढरं धोतर, हातात काठी, वय ऐंशीच्या घरात. खुर्चीत टेकले आणि आधी विचारलं, "आडनाव काय म्हणायचं सुभेदार तुमचं?"

"समदे सुभेदारच म्हणत्यात."

सुंदररावांनी त्यांना नीट न्याहाळलं. दिलेला पाण्याचा ग्लास खुर्चीखाली सरकवला. "आत्ताच पिऊन आलतो."

मग नकाशाकडं बघून हसले. "का गं, आगपेट्या खेळायला भोपाळला जायाचं व्हय? आपल्या चुलीपाशी लई हायत्या."

"आबा, आधी बघा तर."

तिनं छडी घेतली. "गडी माणसं बाहेर गेली की मग निघायचं. मागं राहतात बायका, म्हातारी, लेकरं." लेकरं म्हणताना तिनं छडी मागं घेतली. पण आबा बघत होते. "वरच्या अंगाला कडब्याची गंजी आहे, ती पेटवायची. वारा आग खाली आणतो. चार जण रस्त्यावर. सहा जण आधीच ओढ्यात बसलेले. कुणाला उतरू द्यायचं नाही."

सुभेदारांनी फासे टाकले. पुन्हा टाकले. एकेक निळं छप्पर उचलून बाजूला ठेवत गेले. शेवटची आगपेटी त्यांनी मुठीतच धरून ठेवली, तेव्हा पोरांनी एकमेकांकडं बघितलं.

"एकबी सुटला न्हाई," ते म्हणाले. "जमलं."

सुंदरराव खुर्चीतून उठले होते. गुडघे धरत वाळूपाशी आले, वाकले. बराच वेळ बघत राहिले. आवाज आला तो तरण्या माणसासारखा.

"शाबास गं! डोकं हाय पोरीला. जा तू भोपाळला. सोयऱ्याला मी सांगतो काय सांगायचं ते."

संस्कृती त्यांच्या पाया पडली. भरल्या डोळ्यांनी हसत होती.

"फकस्त एक राहिलं बघ." त्यांनी काठीचं टोक कडेच्या उचललेल्या घराच्या जागेमागं टेकवलं. "ह्या घरामागं बोळ हाय. वढा अडवला की बाया तिकडनं निसटत्यात. तितं बाभळीचे काटेरी फास अगुदरच टाकावे लागत्यात."

सुभेदारांनी फासे खाली ठेवले.

"बोळ म्या मांडलाच न्हाई, रावसाहेब. तो माझ्या मंजुळाच्या घरामागं होता."