सावकाश दळणारा

हाताने फिरवायचे कॉफी ग्राइंडर दुकानात होते नव्हते तेवढे त्याने काउंटरवर मांडायला लावले होते. एकाचा दांडा फिरवायचा, खाली ठेवायचा, शर्टाचा खिसा उगाच चाचपायचा आणि दुसरा उचलायचा. बोटांची चुळबुळ काही थांबत नव्हती. बायको स्टुलावर बसून बघत होती.

"हा न्या," दुकानदार आता मेटाकुटीला आला होता. "घरी चालेल, कॅम्पिंगला सॅकमध्ये मावेल. मिनिटाभरात कपभर दळून होतं."

"मिनिटाभरातच?" त्याने तो बाजूला सारला. "आणि हा?"

"त्याच्या नादी लागू नका. पाच-सहा मिनिटं फिरवत बसावं लागतं, हात भरून येतो. कोणी घेत नाही."

"हाच द्या. कुठेही गेलो तरी जवळ ठेवता येईल ना?"

"येईल की. पण कॉफीचे भलतेच शौकीन दिसता!"

"छे, मी कॉफी पीतच नाही," दांडा गरागरा फिरवत तो म्हणाला.

"मी पिते," बायको पर्स उघडत उठली. "यांनी परवा सिगरेट सोडलीय. दिवसाला वीस व्हायच्या. आता तितके कप मला प्यायचेत."